शोकाचे किमान अंतर

मेल्यावर माणूस सुधारतो, हे सर्वमान्य आहे. ही सुधारणा ज्यांना पटत नाही, त्यांच्यासाठी अंत्यविधिगृहात एक दोरी ठेवलेली असते.

त्या सकाळी व्यवस्थापकांनी नेहमीप्रमाणे खुर्च्या पुसल्या, माइकवर फुंकर मारून पाहिली आणि पंपघराजवळ दोरी बांधून तिच्यावर ‘निषेधासाठी राखीव’ ही पाटी अडकवली. दिवंगत गृहस्थ पाणीखात्याचे प्रमुख; तेव्हा खालच्या वस्तीतली मंडळी रिकाम्या बादल्या घेऊन येणार, हे उघडच होते. (बादली वाजवू नये. वाजल्यास ती वाद्य समजली जाईल आणि वाद्याला वेगळा परवाना लागतो.) नियम दयाळू होता : नातेवाइकांच्या भावना दुखावणारे बोलणे त्यांच्यापासून पन्नास फुटांवर आणि माइकविना करावे. नियम मोडला गेल्यास व्यवस्थापकांची बदली कचरा डेपोवर होणार होती.

मंडपात नगराध्यक्ष म्हणाले, “साहेब म्हणजे वाहता झरा.” माना हलल्या. दुसऱ्या वक्त्याने झऱ्याची नदी केली. तिसरा समुद्राकडे निघाला, तेवढ्यात साहेबांच्या पत्नी पहिल्या रांगेतून उठल्या, खुर्ची उचलून दोरीपलीकडे गेल्या आणि बादल्यांच्या घोळक्यात बसल्या.

व्यवस्थापक धावले. “वहिनी, ही निषेधाची बाजू. तुमची तिकडे.”

“तिकडे कुणाचं कौतुक चाललंय, कळेना बाई. इकडे निदान ह्यांच्याबद्दल बोलतायत.”

एक बादलीवाली ओशाळली. “ताई, जरा जास्तच बोललो आम्ही.”

“कमीच बोललात. घरच्या नळालासुद्धा ह्यांचं कुलूप होतं. चालू द्या तुमचं.”

मंडपातून ‘दानशूर’ हा शब्द आला. वहिनींनी कानांवर हात ठेवले.

“त्रास होतोय?” व्यवस्थापकांनी रीतसर विचारले.

“फार.”

व्यवस्थापकांनी नियम मनाशी पुन्हा घोळवला. नातेवाईक इथे, दुखावणारे बोलणे तिथे. अंतर बरोबर होते. पाटी तेवढी चुकली होती. कचरा डेपोवर निदान भाषणे नसतात, हेही त्यांच्या मनात येऊन गेले. मग त्यांनी पाटी काढली, मंडपाच्या खांबाला अडकवली आणि वक्त्यापुढचा माइक उचलून वहिनींसमोर आणून ठेवला.

मंडपात आता वक्त्याचे काहीच ऐकू येत नव्हते. माना मात्र हलतच राहिल्या. मागच्या रांगेत आपणही होतात. संकोच नको, आपल्या नळाला दोन्ही वेळा पाणी येते.