आपल्या बाजूचा मुडदा

गोळी लागून पडण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नट नव्हता. पण इतकी वर्षं बिचारा मेला तो कायम पलीकडच्या देशाचा सैनिक म्हणून. तो पडला की थेटरात शिट्ट्या वाजत आणि त्याची म्हातारी आई अंधारात डोळे पुसत बसे. गल्लीत तर पोरंसोरं त्याला 'शत्रू' म्हणूनच हाक मारत.

"मेल्या, मी डोळे मिटायच्या आत एकदा तरी आपल्या बाजूनं मर," आई म्हणायची.

आता हे का त्याच्या हातात होतं? भुवया दाट, आवाज घोगरा. असं थोबाड पलीकडेच शोभतं, यावर आपल्याकडच्या तमाम दिग्दर्शकांचं एकमत होतं.

एके दिवशी दिग्दर्शक सेटवर आला तोच धुमसत. पलीकडच्यांचा नवा सिनेमा बघून आला होता.

"आपले सैनिक कसले दाखवलेत! दारू ढोसतात, खदाखदा हसतात, म्हाताऱ्यांना ढकलतात. अख्ख्या सिनेमात आपला एक चांगला माणूस नाही!"

नटाला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. "साहेब, आपल्या मागच्या सिनेमात त्यांचा चांगला माणूस कोण होता?"

"होता की! तो नाही का, आपल्याला नकाशा चोरून आणून देतो."

"तो फितूर होता, साहेब."

"मग? चांगलाच ना!"

आणि तिथल्या तिथे दिग्दर्शकाने ठरवलं. पलीकडचे आपल्याविरुद्ध खोटे सिनेमे कसे काढतात, यावरच सिनेमा काढायचा. "काका, उद्यापासूनच शूटिंग, आणि यात तुम्हाला आपला गणवेश!"

नट पुढचं ऐकायला थांबलाच नाही. "आई, उद्या आपल्या बाजूनं मरतोय!" म्हणत तो घरी धावला. आई ही बातमी गल्लीभर सांगून आली आणि दुसऱ्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून सेटवर हजर झाली.

दिग्दर्शकाने नटाच्या हातात बाटली दिली. "ही ढोसा, खदाखदा हसा, सिनेमातल्या त्या म्हातारीला ढकला आणि मग मरा."

"आपले सैनिक असं करतात?"

"तुम्ही कुठे आपले सैनिक? तुम्ही त्यांचे नट, आपल्या सैनिकाचं सोंग घेतलेले."

"म्हणजे मी परत पलीकडचाच?"

"अर्थात!"

नटाने बाटली परत पुढे केली. पण आई कौतुकाने बघत होती, तिला हे कोण समजावणार? त्याने जीव ओतला. ढोसली, हसला, ढकललं आणि असा मेला की लाइटवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या.

आई भरल्या डोळ्यांनी उठली. "हुबेहूब तुझा मोठा मामा रे! फौजेतून सुटीवर आला की अस्साच ढोसायचा, अस्साच हसायचा. माझ्या आईला एकदा असंच ढकललंन त्यानं!"

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला.

"काका, हे खोटं वाटायला पाहिजे हो! तुम्ही फार खरे वाटताय. लोक म्हणतील, बरोबरच दाखवतात ते आपल्याला. तुम्हाला नाही जमायचं हे."

"आणखी खोटं करतो, साहेब. एकदा संधी द्या!" नटाने अक्षरशः हात जोडले. तिकडे आई लाइटवाल्यांना मामाचे आणखी किस्से ऐकवत होती. नटाला ढसाढसा रडावंसं वाटलं.

"तुम्ही आपलं नेहमीचंच काम करा," दिग्दर्शक म्हणाला.

कपडेवाल्याने पलीकडचा शर्ट आणून दिला. नट मुकाट्याने पँटचं बटण काढू लागला, तसा कपडेवाला म्हणाला, "पँट राहू द्या, काका. दोन्हीकडे तीच लागते."