काळ्या स्टुलाची हळद

रविवारी हॉलमध्ये एकही डोळा कोरडा राहणार नाही, असं वामनरावांनी नेरूळच्या त्यांच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटेल त्याला बजावून ठेवलं होतं. वर, येताना रुमाल आणा, अशी तंबीही होतीच!

बायको, जयमालाबाई, गेल्यापासून घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं. मुलगा बंगळुरूला, फोनवरसुद्धा घाईत. मग वामनराव चित्रं काढायला लागले, तीही निव्वळ काळ्या रंगात. त्यातलं सगळ्यात मोठं होतं एका बुटक्या स्टुलाचं. त्यावर बसून जयमालाबाई गॅलरीत भाजी निवडायच्या. कोणीतरी विचारावं, हे स्टूल कोणाचं, एवढीच वामनरावांची आस होती. पण आपणहून सांगायचं नाही. सांगावं लागलं तर ते चित्र कसलं, हा हट्ट!

चौथ्या मजल्यावर कथक शिकवणाऱ्या सुनयनाने टूम काढली. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये चित्र मधोमध ठेवायचं, सतारवाला त्याच्याकडे बघून वाजवणार, ती नाचणार. वामनराव असे हरखले की इस्त्रीचा झब्बा दोन दिवस आधीच घालून बसले.

आणि आयत्या वेळी सतारवाला तापाने आडवा! सुनयनाने धावपळ करून सारसोळ्याहून भैरूची बेंजो पार्टी आणली. हळदीत वाजवायला भैरूचा हात धरणारं कोणी नाही. सोबत राजाबाई, लग्नात धवले गाणारी धवलारीन, कमरेला हळदीची पिशवी लावून.

काय वाजवायचं, असं भैरूने विचारलं. वामनराव तोऱ्यात म्हणाले, चित्रात दिसेल ते वाजवा.

आता जन्मभर हळदी वाजवलेल्या माणसाला मधोमध मांडलेलं रिकामं बुटकं स्टूल दाखवल्यावर काय दिसणार? हळदीचा चौरंग!

सुनयनाने डोळे मिटून पाय हळूच पुढे टाकला, तोच बेंजो सुटला. थोडा वेळ तिने दुःख नेटाने धरून ठेवलं, मग तिचीही कंबर हलली. सगळा हॉल उठला. मेन्टेनन्सशिवाय कधी तोंड न उघडणारे सेक्रेटरी आशुतोषसुद्धा नाचायला लागले. रुमाल सगळ्यांनी आठवणीने आणले होते, ते हवेत गरगर फिरत होते. वामनराव एकटेच खुर्चीत, बाहेरगावच्या पाहुण्यासारखे.

तेवढ्यात राजाबाईने रीतीप्रमाणे पिशवीत हात घातला आणि चित्रातल्या स्टुलाला पाची बोटांनी हळद लावली. वामनराव धडपडत पुढे धावले. आता बाईला झाडायचंच! ते पोचले तोवर बेंजो थांबला होता.

"दादा, चौरंग मांडला हाय," राजाबाई म्हणाली, "पन नवरी कुठं हाय?"

वामनरावांच्या तोंडाशी आलेली शिवी तिथेच विरली. इतक्या दिवसांत कोणीतरी तिची चौकशी केली होती.

"येईल," ते म्हणाले. "तिला तयार व्हायला जरा वेळच लागतो."

"लागू दे की. आमी थांबतो."

पण नऊला हॉल रिकामा करायचा नियम होता. पार्टी गेली, माणसं पांगली. वामनराव चित्र बगलेत मारून घरी आले. हळद पुसायला ओलं फडकं घेतलं आणि तसंच पुन्हा दोरीवर टाकलं. ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज होता, कार्यक्रम झकास, पुढच्या वेळी चित्र रंगीत काढा.

एकही डोळा कोरडा राहणार नाही म्हणाले होते ना? फार नाही, हॉलमध्ये दोन राहिले नाहीत. दोन्ही त्यांचेच. आणि रुमाल आणायला नेमके तेच विसरले होते!