दामूभाऊंना न जमलेली दुरुस्ती

देवळीतले मेकॅनिक दामूभाऊ रंग मारायच्या मशीनचा व्हॉल्व जिभेनं तपासतात. आधी तो स्वच्छ धुतात, मग तोंडानं त्यातली हवा ओढतात आणि जीभ बाहेर काढून तो तसाच जिभेला लटकत ठेवतात. लटकला तर पास. त्या अवस्थेत ते गिऱ्हाइकाशी बोलतातसुद्धा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाला झटका आला.

मी रंगकामाचे ठेके घेतो. माझी मशीन एअरलेस, म्हणजे पंप बादलीतून रंग ओढतो आणि नुसत्या दाबानं भिंतीवर फेकतो. ओढायचं सगळं काम खालच्या व्हॉल्वमधली पोलादी गोळी आणि ती जिच्यावर टेकते ती बैठक यांच्यावर. त्या घासल्या की रंग परत बादलीत. नुसती गोळी बदला म्हटलं की दामूभाऊ भडकणार. "काऊन बा? नव्या नवरदेवाले जुनी चप्पल देतं का तू?"

माणसांनाही ते हाच हिशेब लावतात. माझं आणि बायकोचं वाजलं, तेव्हा भर चौकात विचारलं, "गोळी घासली का बैठक?" मी चहा न पिताच निघालो.

यंदा त्यांच्या मुलाचं, प्रशांतचं लग्न ठरलं. घर रंगवायचं काम अर्थात माझ्याकडे. आतल्या खोल्या झाल्या, समोरची खोली राहिली, आणि मशीननं ओढणं सोडलं. मी वर्ध्याहून नवी गोळी-बैठक आणून दामूभाऊंच्या हातात दिली. अर्ध्या तासाचं काम.

"होऊन राह्यलं, राजा," म्हणत त्यांनी तीन दिवस काढले. मशीन जोडून द्यायचे, ती ओढायची नाही. लग्न आठवड्यावर आलेलं. प्रशांत माझ्यावर खेकसला, मी गावभर दामूभाऊंना नावं ठेवली. म्हातारा आता कामातून गेला, असंही बोललो. शेवटी मीच नट खोलला.

आत जुनीच गोळी, जुनीच बैठक. नवी जोडी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. पाकीटसुद्धा फाडलेलं नव्हतं.

"दामूभाऊ, हे काय?"

ते समोरच्या खोलीच्या भिंतीकडे बघत राहिले. दाराजवळ हळदीच्या हाताचा फिकट ठसा होता. त्यांच्या लेकीचा, वंदीचा. स्वतःच्या लग्नात हळद लागल्यावर तिनं उमटवलेला. वंदी पहिल्या बाळंतपणात गेली. बाळही राहिलं नाही. तेव्हापासून या घरात कोणी तिचं नाव काढत नाही.

"पोराच्या लग्नात रडगाणं कसं लावू?" दामूभाऊ म्हणाले. "मशीन बिघडली म्हटलं त हे भिंत राहून जाईन, वाटलं मले."

मला माझीच लाज वाटली. मशीनच्या एका फवाऱ्यात तो हात गेला असता. मी ब्रश काढला आणि प्रशांतला बोलावून सांगितलं, "ही भिंत हातानं करतो. एवढी जागा सोडून."

त्यानं जवळ जाऊन ठसा पाहिला. "सोडा," म्हणाला आणि बाहेर गेला.

मी कडेकडेनं रंग लावत होतो. दामूभाऊ अगदी खेटून उभे. ब्रश करंगळीजवळ पोचला तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"हळू, राजा. लागन तिले."