बिंदुअण्णांच्या पिकअपची जास्तीची लांबी

मल्लेश्वरममधल्या आमच्या क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, रहिवासी संघाने १९९४ साली एकमताने ठराव केला, की स्वतःच्या घरासमोर लावलेले कोणाचेही वाहन घराच्या हद्दीपलीकडे जाता कामा नये. ठराव सर्वांसाठी होता. लांब वाहन तेवढे एकट्या बिंदुमाधवांकडे होते. हा निव्वळ योगायोग असल्याचे संघाचा चिटणीस या नात्याने मी खात्रीने सांगू शकतो.

बिंदुमाधव, म्हणजे सगळ्यांचे बिंदुअण्णा, लग्नामुंजीच्या स्वयंपाकाची कामे घेत. पातेली, कढया, आचारी, सगळे त्यांच्या जुन्या पिकअपमधून जाई आणि त्या गाडीवरच त्यांचे घर चाले. गाडीचा हौदा अध्यक्ष त्रिविक्रमरावांच्या फाटकासमोर वीतभर येई. त्रिविक्रमरावांकडे तेव्हा सायकलही नव्हती, पण फाटक अडल्याने त्यांचा जीव गुदमरे. तसे त्यांनी सभेत सांगितले.

बिंदुअण्णा नियमाला भिणारे. त्यांनी गाडी बोम्मसंद्र्याच्या एका वर्कशॉपमध्ये नेली, केबिनच्या मागे चासी कापून मधला तुकडा काढला, टोके वेल्डिंगने जोडली आणि हौदाही आखूड करून घेतला. गाडी हद्दीत बसली. जिलबीची कढई हौद्यात मावेना, म्हणून ती टपावर बांधू लागले. संघाने त्यांच्या अभिनंदनाचा ठराव केला.

पुढे परिवहन कार्यालयात गाडीच्या तपासणीची वेळ आली. निरीक्षक महांतेश निपाणीकडचे, त्यामुळे बोलणे मराठीतच झाले. त्यांनी टेप लावून मापे घेतली आणि ही ती गाडी नव्हेच, असे जाहीर केले. दप्तरातली गाडी लांब होती. बिंदुअण्णांनी कापल्याचे कबूल केले.

"कापायला हरकत नाही, अण्णा," महांतेश समजुतीने म्हणाले. "पण परवानगी आधी घ्यायची असते. आणि परवानगीसाठी गाडी न कापलेली दाखवावी लागते."

"सरी," म्हणजे बरे, असे म्हणून बिंदुअण्णा घरी आले. खाटेखाली जपून ठेवलेला तुकडा त्यांनी पुन्हा चासीत जोडून घेतला आणि पूर्ण लांबीची गाडी महांतेशांपुढे नेऊन उभी केली. महांतेश खाली वाकले. त्यांना सगळे जोड दिसले.

"इतके जोड असलेली चासी रस्त्यावर सोडता येत नाही बघा."

"मग आता मी काय करू?"

"भंगारात काढा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही."

लग्नसराई तोंडावर होती. हातातली कामे दुसऱ्या आचाऱ्यांकडे गेली आणि बिंदुअण्णा आता बोम्मसंद्र्याच्या एका कँटीनमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली उप्पीट ढवळतात. मला फार वाईट वाटले. तशी नोंद मी इतिवृत्तात केली.

त्यांच्या घरासमोरची जागा मात्र मोकळी झाली. त्रिविक्रमरावांनी नवी मारुती घेतली, ती तिथेच असते. ठराव स्वतःच्या हद्दीपुरता आहे. दुसऱ्याच्या दारात काय उभे करावे, याबद्दल त्यात अक्षर नाही. तुम्ही मल्लेश्वरमला खरेदीला याल तेव्हा गाडी खुशाल तिच्यामागे लावा, तेवढी जागा उरते. बिंदुअण्णा काही बोलत नाहीत. मागच्या वेळी तुम्ही लावलीत, तेव्हा तरी कुठे बोलले?