शिळ्या पोथीपायी किल्ल्या गेल्या त्याची हकीकत

श्रीगजानन समर्थ. विघ्ने हरणारा तो एक, परंतु आपल्या हाताने घरात आणिलेले विघ्न त्यानेही किती हरावे? शके एकोणीसशे सेहेचाळीस, संवत्सराचे नावच क्रोधी, कार्तिक मासी एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे.

त्या राज्याचे सारे दप्तर संगणकगडी, आणि गडाची राखण निंबाजी नाईक करीत. गड म्हणजे तट-बुरूज नव्हे, संगणकांची थंडगार खोली, परंतु नाईकांचा जीव तेथेच. मग दिवाणसाहेबांचा हुकूम सुटला की, संगणक-संरक्षणाची परीक्षा उतरेल तोच किल्लेदार, न उतरेल त्याने किल्ल्या खाली ठेवाव्या. नाईकांनी अभ्यासास पोथी आणिली ती कोणती? मेहुणे भिकाजीपंत जी वाचून मागे कधी पास जाहले, ती! नाईकांच्या पत्नी गोदूबाई म्हणाल्या, "अहो, नवी घ्यावी. गेल्या सालचे पंचांग पाहून यंदाची एकादशी धरिता काय?" नाईक बोलिले, "विद्या का शिळी होते? गड तोच, चोर तेच." बाई म्हणाल्या, "चोर तेच असतील, वाटा नव्या जाहल्या त्याचे काय?" परंतु ऐकतो कोण!

आता गंमत पाहा. परवलीचा शब्द दर महिन्यास बदलावा ऐसे पोथीत लिहिले, आणि गडावरही तोच जुना रिवाज. त्यापायी कारकून मंडळी शब्द विसरत, मग चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या कपाळी डकवीत, आणि खुद्द दिवाणसाहेब लेकीच्या नावापुढे महिन्याचा आकडा लावून मोकळे होत. नाईक रोज चिठ्ठ्या फाडीत आणि घसा फोडून सांगत, "बाबांनो, शब्द लांब ठेवा, आणि फुटल्याची खबर आली तरच बदला." दुसरे दिवशी चिठ्ठ्या पुन्हा जागच्या जागी.

परीक्षेस नेमका तोच प्रश्न आला. उत्तर नाईकांच्या जिभेवर होते, तरी मनात आले, आपण कोण शहाणे, पोथी लिहिणारा काय वेडा? आणि खूण केली "दर महिन्यास". ऐशा कितीक प्रश्नी आपली अक्कल गहाण ठेविली आणि नापास जाहले. कपाळ बडवावे तरी किती!

मग परगावचा नवा किल्लेदार आला, नाईकांनी किल्ल्या त्याचे हाती दिल्या, आणि त्याने भर कचेरीत पहिला हुकूम केला की, परवलीचा शब्द उगाच बदलू नये, फुटला तरच बदलावा. दिवाणसाहेब डोलले आणि वळून म्हणाले, "ऐकिलेत, नाईक? याला म्हणतात विद्या." नाईकांनी मान खाली घालून "जी" म्हटले.

घरी आले तो भिकाजीपंतांचा निरोप हजर: पोथी जपून परत द्यावी, धाकटे बंधू परीक्षेस बसतात.

तात्पर्य, गड शाबूत, पोथीही शाबूत, किल्ल्या तेवढ्या गेल्या. इति.