काशीरामशेठचा ताजा माल

बारा वर्षं रोबोटच्या संशोधनात घालवलेला माणूस बांगड्यापुढे हार खात नसतो, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो! २०१२ साली मी, म्हणजे कमळाकरने, पनवेलमध्ये एक यांत्रिक हात बनवला. तो माशाचा कल्ला अलगद उचलायचा, कॅमेऱ्याने आत बघायचा आणि माझ्याच आवाजात निकाल द्यायचा. कल्ला लाल तर "ताजं!" फिका तर "शिळं!" मासेवाल्या बायका हजार वर्षं हेच करत आल्यात, पण त्यांना कोणी पीएचडी दिली नाही.

आमच्या कंपनीच्या मालक अरुंधती मॅडम स्पष्टच म्हणाल्या, "मशीन चाललं तर तुम्ही टेक्नॉलॉजी हेड. नाही चाललं तर संशोधन विभाग बंद, आणि तुम्ही घरी." घरी! तिकडे आमच्या बायकोने, आशालताने, सोसायटीत पेढे वाटायला सुरुवातसुद्धा केली होती.

प्रयोग काशीरामशेठ या मासळीच्या व्यापाऱ्याच्या गाळ्यात ठरला. निवाडा करायला उरणच्या जनीमावशी, तीस वर्षं मासळी विकलेली बाई. मॅडमची गाडी बाजाराच्या तोंडाशी अडकली म्हणून मी त्यांना आणायला धावलो. परत येतो तर मशीनच्या गळ्यात झेंडूचा हार आणि समोर फोडलेला नारळ!

"नवीन मशीन हाय, पूजा केल्याबिगर कसा चालू करायचा?" जनीमावशी म्हणाल्या.

मला उलट बरंच वाटलं. बटण दाबलं. पहिलं पापलेट. "ताजं!" टाळ्या! मग परीक्षेसाठी मुद्दाम ठेवलेला तीन दिवसांचा बांगडा. वासाने मॅडमनी नाकाला रुमाल लावला.

"ताजं!" मशीन ओरडलं.

"ह्यो ताजा?" जनीमावशी किंचाळल्या. "मांजर बी तोंड लावनार नाय!"

मॅडमचा रुमाल हातातून खाली पडला. मशीनने तो उचलून बघितला. "ताजं!" काशीरामशेठ कुतूहलाने वाकले, तर मशीनने त्यांचा कान कल्ल्यासारखा वर केला आणि जाहीर केलं, "ताजं!"

मी घाईघाईने त्यांचा कान सोडवला. शेठ मात्र खूश! "पासष्ट वर्षांचा हाय मी! घरात कोनी असा बोलला नाय आजवर. सायेब, अशी पाच मशीनं द्या!"

पाच! मॅडमनी वही उघडली. मी गप्प बसलो असतो तर खुर्ची माझीच होती. खरं सांगतो, अर्धा मिनिट मी गप्प बसलोही. पण तो बांगडा उद्या कोणाच्या तरी ताटात, आणि वर माझाच आवाज!

"मॅडम, मशीन चुकतंय," मी कसाबसा म्हणालो. वही मिटली.

तेवढ्यात जनीमावशींनी जीभ चावली. "सायेब, मी त्याच्या कपालाला कुंकू लावला. जास्त झाला म्हनून पदरानं पुसला."

"मावशी, ते कपाळ नाही, तो डोळा आहे!"

कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकवाचा लालभडक पापुद्रा! मशीनला सगळं जगच लाल दिसत होतं, बिचारं खोटं कुठे बोलत होतं? मी काच लख्ख पुसली. "मॅडम, एकच संधी!"

शेठच्या पाटीतले दहा मासे काढले. आधी मशीन बोले, मग जनीमावशी. शिळं, शिळं, ताजं, शिळं... नऊ माशांवर दोघांचं एकमत! दहाव्या माशाला, हलव्याला, मशीन म्हणालं, "शिळं!" जनीमावशी म्हणाल्या, "ताजा हाय!" मावशींनी कल्ला पुन्हा उचलला, वास घेतला, आणि मान हलवली.

"आमी हरलो! तुमचा पोर हुशार हाय, सायेब!"

अहो, मी त्या मशीनला मिठी मारली! मॅडमनी तिथल्या तिथे माझा हात हातात घेतला. "अभिनंदन, टेक्नॉलॉजी हेड! चूक लपवली असतीत, तर आजच घरी पाठवलं असतं." बाहेरच्या रिक्षावाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण मी सगळ्यांना नमस्कार केला.

काशीरामशेठ तेवढे पाटीकडे बघत गंभीर झाले होते. मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "सायेब, आताचा मशीन तुमी तुमच्याकडंच ठेवा. मला ती पाच पायजेत ना, ती मघाचीच द्या!"

टेक्नॉलॉजी हेड म्हणून माझ्या कारकिर्दीतली ही पहिली ऑर्डर!