स्वेटरच्या कोपरावरील अनधिकृत बांधकाम

नारायण पेठेतील निवृत्त हेडक्लार्क अनंतराव रिसबूड गेली तेहेतीस वर्षे थंडीत एकच स्वेटर घालत होते. कारण तो उबदार होता. स्वेटरची याहून वेगळी काही लायकी असू शकते, हे त्यांना लेक तनया माहेरी येईपर्यंत ठाऊक नव्हते. तिने एका सकाळी त्यांच्या मानेमागचे लेबल वाचले.

"बाबा, हलू नका!"

अनंतरावांना वाटले, अंगावर पाल पडली.

साडूंनी इटलीहून आणलेला तो स्वेटर एका बड्या फॅशन घराण्याचा निघाला. म्हणजे थेट घराण्याचा नव्हे. ज्यांना घराण्याचा माल परवडत नाही, त्यांच्यासाठी काढलेल्या स्वस्त शाखेचा. ती शाखा पुढे बंद पडली, आणि बंद पडल्यामुळे आता मूळ घराण्याहून भारी समजली जात होती.

"व्हिंटेज पीस आहे. सर्टिफाय करून घेऊ."

वाघोलीतल्या व्हिंटेज स्टुडिओत दिग्विजय नावाच्या तज्ज्ञाने पांढरे हातमोजे चढवून तपासणी केली. कोपरापाशी तो थबकला.

"हे काय आहे?"

"कसर लागली होती. मी रफू केलं," अनंतरावांच्या पत्नी श्यामलाबाई अभिमानाने म्हणाल्या.

"मॅडम, कसरीचं भोक ओरिजिनल आहे. रफू म्हणजे अनधिकृत बांधकाम. पाडावं लागेल."

श्यामलाबाईंनी डोळ्यांत पाणी आणून स्वतःचे टाके उसवले. मग भोक जुनेच असल्याचे शपथपत्र झाले, दोन साक्षीदार झाले. वापराचा पुरावा म्हणून जुना फोटो दिला. फोटोतला स्वेटर अस्सल ठरला. त्यातला काळ्या केसांचा माणूस अनंतरावच, हे मात्र सिद्ध होईना. अनंतरावांना राग आला नाही. कचेरीत त्यांनी जन्मभर लोकांना असेच पळवले होते. उलट कामाचा दर्जा पाहून त्यांचा ऊर भरून आला.

अखेर प्रमाणपत्र मिळाले. अट क्रमांक चार: वस्तू अंगात घातल्यास प्रमाणपत्र रद्द.

"मग थंडीत मी काय घालू?"

"बाबा, तुम्ही आता ओनर आहात. युजर नाही."

स्वेटर काचेच्या कपाटात गेला. समोर अनंतराव शाल गुंडाळून शिंकत बसले. बातमी सोसायटीत पसरली. सभासदांनी ट्रंका उपसल्या आणि लेबल असो-नसो, सगळे स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले. डिसेंबरात पारा आठावर उतरला, तेव्हा अख्खी सोसायटी आपापल्या स्वेटरकडे पाहत कुडकुडत होती.

चौथ्या दिवशी अनंतरावांनी कपाट उघडले, स्वेटर चढवला आणि खाली जाऊन एक फेरी मारली. कोपराच्या भोकातून वारा शिरत होता, तरी फार बरे वाटले.

दुपारी सोसायटीची नोटीस आली: 'आपण स्वेटर अंगात घालून सार्वजनिक जागेत वावरल्याने इतर सभासदांच्या स्वेटरांच्या प्रतिष्ठेस बाधा पोहोचली आहे. लेखी खुलासा करावा.'

अनंतरावांनी खुलासा केला: 'थंडी वाजत होती.'

तो फेटाळला गेला. थंडी वाजत असल्याचा पुरावा सोबत जोडलेला नव्हता.

सदर प्रकरणी ज्या वाचकांना हसू येत असेल, त्यांनी पाहुण्यांसाठी म्हणून शोकेसमध्ये ठेवलेला डिनर सेट बाहेर काढून आज त्यात पिठलं-भात जेवावा, आणि मग खुशाल हसावे.